वणी शोधताना पुसलेली पानं

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची मंदा कॉम्प्युटरात असते." शेजारणींना वाटायचं मी टायपिंग करते. तेही अगदीच खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकात मी नाशिकला मेनरोडजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि निवडणुकीची पत्रकं जुळवत बसायची. मराठी टाइप करायला हात चांगला बसला होता, म्हणूनच पुढे दोन हजार सालानंतर गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत मला बोलावणं आलं. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होते.

संस्था लहान होती. एका बंगल्याचा वरचा मजला, चार संगणक आणि दहाबारा माणसं. जिल्ह्यातल्या गावागावांतली माहिती गोळा करून ती सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवायची, हे तिचं काम. कोणत्या गावात कोणतं भात पिकतं, कोणत्या विहिरीचं पाणी कधी आटतं, कांदा चाळीत कसा टिकतो, बाळंतिणीला काय देतात. हे सगळं ठेवायला आम्ही विकी वापरायचो. विकी म्हणजे संगणकावरची एक मोठी वही. हिचं प्रत्येक पान वेगळं, प्रत्येक पानाला नाव, आणि ज्याला परवानगी आहे त्याने कुठूनही उघडून त्यात भर घालावी. आमचे कार्यकर्ते गावांतून माहिती आणून पानं चढवायचे आणि मी ती पानं सांभाळायची. नावं नीट आहेत ना, एकाच गोष्टीची दोन पानं झाली नाहीत ना, कुठलं पान कुठल्या गटात जायला हवं, हे बघायची.

पहिल्या वर्षी मी हे काम एकेक पान उघडून करत होते. पानं वाढत गेली तशी कंबर मोडायला लागली. तेव्हा पुण्याच्या एका तंत्रज्ञाने, ज्याने आमचं विकी उभं करून दिलं होतं, मला फोनवरून नमुने लिहायला शिकवलं.

नमुना म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. समजा, नाशिक शहराविषयीची सगळी पानं एका गटात टाकायची आहेत. पण आमच्याकडे कुणी नाशिक लिहायचं, कुणी नासिक. मग मी शोधायच्या चौकटीत आधी 'ना' लिहायची, पुढे कंसात 'शि' आणि 'सि' दोन्ही ठेवायची, आणि शेवटी उरलेलं 'क'. म्हणजे मशीनला सांगायचं की मधल्या जागी या दोघांतलं कुठलंही चालेल. टिंब दिलं की कुठलंही एक अक्षर. टोपीसारखी एक खूण आहे, ती दिली की नावाची सुरुवात इथूनच झाली पाहिजे. अशा आठदहा खुणा जुळवून एक ओळ तयार करायची आणि बटण दाबायचं. मशीन हजारो पानांची नावं तपासून त्या ओळीत बसणारी तेवढी समोर मांडायचं. मग त्या सगळ्यांना एकदम काय करायचं ते आपण ठरवायचं. गट बदलायचा, नावं बदलायची, किंवा काढून टाकायची.

ज्या दिवशी मी त्र्यंबक, त्रिंबक, त्र्यंबकेश्वर अशी विखुरलेली सगळी पानं एका ओळीत पकडली, त्या दिवशी मला जे वाटलं ते छापखान्यात कधी वाटलं नव्हतं. आठवड्याचं काम चहा गार व्हायच्या आत झालं होतं. संस्थेचे संचालक, ज्यांना आम्ही सगळे नुसते सर म्हणायचो, ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. नंतर कुणी पाहुणे आले की ते त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन यायचे. मी एक नमुना लिहून दाखवायची. मला ते आवडायचं, कबूल करते.

चुकाही व्हायच्या, पण त्या हसण्यावारी जायच्या. पिंपळगावकडचे निवृत्तीनाना म्हणून एक द्राक्षबागायतदार होते. त्यांना आमच्याकडची द्राक्षांवरची सगळी माहिती छापून हवी होती, कारण संगणकावर वाचलं की डोळ्यांतून पाणी येतं म्हणायचे. मी 'द्राक्ष' एवढंच लिहून सगळी पानं पकडली, छापली, वही बांधून दिली. आठ दिवसांनी नाना परत आले. टोपी काढून टेबलावर ठेवली, वहीतलं एक पान उघडलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, बाकी समदं झ्याक हाय. पन हे रुद्राक्षाचं झाड कोन्त्या मांडवावर चढवायचं?"

रुद्राक्षात द्राक्ष होतं. मशीनला शब्दाचा अर्थ कळत नाही, अक्षरं एकापुढे एक आली की त्याचं काम झालं. त्या दिवशी सगळं ऑफिस हसलं, मीही हसले. पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी प्रत्येक शिबिरात सांगत होते. त्यातून काही शिकायला हवं होतं ते मात्र शिकले नाही.

आता भास्करभाऊंविषयी सांगायला हवं. भास्करभाऊ कळवणचे. आधी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचे, तिथून आमच्याकडे कार्यकर्ता म्हणून आले. वय चाळिशीचं, अंगाने काटकुळे, आवाज मात्र भरदार. एक जुनी मोटारसायकल, खांद्याला टेपरेकॉर्डर आणि खिशात लिमलेटच्या गोळ्या. म्हाताऱ्या माणसांचा बोलता बोलता घसा सुकतो म्हणून त्या गोळ्या. सरांनी त्यांच्याकडे एक वेगळं काम दिलं होतं. जिल्ह्यातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांना भेटायचं, त्यांचं आयुष्य आणि त्यांना माहीत असलेलं सगळं टेप करून आणायचं, आणि ऐकून ऐकून टाइप करायचं. भाऊ दोन बोटांनी टाइप करायचे. कानाला हेडफोन लावून तासन्‌तास बसायचे, मध्येच टेप थांबवून एकटेच हसायचे. अशी वीसेक पानं त्यांनी एका हिवाळ्यात चढवली. प्रत्येक पानाचं नाव एकाच पद्धतीचं ठेवायचं असं मीच त्यांना सांगितलं होतं. आधी 'आठवणी', मग छोटी रेघ, मग माणसाचं नाव. आठवणी - सोनाबाई. आठवणी - रावजीबाबा. म्हणजे पुढे कधी गट पकडायचा झाला तर सोपं.

कॅसेटी मोजक्या होत्या. एकीतलं टाइप झालं की तीच पुढच्या माणसासाठी वापरायची, हा संस्थेचा नियम. कुणालाच त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

त्याच सुमाराला देवीच्या गडाखालच्या वणी गावातल्या मंडळींनी स्वतःचं केंद्र काढलं. त्यांच्या गावची आणि गडाची माहिती त्यांनीच सांभाळावी असं ठरलं. आमच्याकडची वणीची सगळी पानं आम्ही नीट करून त्यांना दिली. इकडे आमची भाड्याने घेतलेली जागा, म्हणजे जिथे ही पानं साठवली जातात ती, भरत आली होती. सरांनी मला सांगितलं, वणीची पानं आता तिकडे आहेत, आपल्याकडची काढून टाका, जागा मोकळी होईल.

मी नमुना लिहायला बसले. वणी हा शब्द कुठल्या पानाच्या नावात आधी होता, कुठे शेवटी, कुठे 'वणीतला बाजार' असा. म्हणून टोपीची खूण चालणार नव्हती. शब्द इथून सुरू होतो अशी एक वेगळी खूण असते, ती मी लावून बघितली. एकही पान सापडलं नाही. ती खूण इंग्रजी अक्षरांसाठी केलेली होती, आमच्या देवनागरीपुढे ती आंधळी होती. पुण्याला फोन केला, तो लागला नाही. मग मी ती खूण काढून टाकली आणि नुसतं 'वणी' लिहिलं.

यादी आली. नुकती बदललेली पानं वर, जुनी खाली, अशी ती यादी यायची. वणीची पानं आम्ही त्याच आठवड्यात नीट केली होती, त्यामुळे पहिल्या पडद्यावर सगळी वणीचीच. मी खाली गेले नाही. 'सगळी निवडा' वर टिचकी मारली आणि 'काढून टाका' वर मारली. काढलेली पानं विकी काही काळ मागच्या बाजूला जपून ठेवतं, चूक झाली तर परत आणता येतात. पण आम्हाला तर जागाच हवी होती. मी तेही रिकामं केलं. चहा प्यायला गेले.

आठवणी या शब्दाच्या शेवटी वणी आहे. मी शाळेत मराठीत पहिली यायची. मला ते दिसलं नाही.

आधी कळलं ते लावणीचं. जूनमध्ये घोटीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, की भात लावणीचं पान उघडत नाही. मी शोधलं. भात लावणी, नागली लावणी, लावणीची अवजारं, काहीच नव्हतं. कारण मला एका मिनिटात समजलं. लावणीतही वणी होती. नशिबाने ती पानं आम्ही एका पुस्तिकेत छापलेली होती. दोन दिवस मान वर न करता मी ती सगळी पुन्हा टाइप केली आणि कुणाला काही बोलले नाही. आणखी काय गेलं असेल, हे तेव्हाच बघायला हवं होतं. विकीवर प्रत्येक पुसण्याची यादी राहते, पानाचं नाव, कुणी पुसलं, केव्हा पुसलं. ती उघडायला दोन टिचक्या लागतात. मी उघडली नाही. लावणी सापडली, एवढ्यावर मी मनाची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला बघायची भीती वाटत होती.

दिवाळीनंतर मुंबईहून पाहुणे आले. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींच्या कामाला ज्यांनी पाठबळ दिलं होतं, ती ही मंडळी. सरांनी मोठ्या उत्साहाने संगणक उघडला आणि 'आठवणी' असं शोधलं. एकही पान आलं नाही. पुन्हा शोधलं. पाहुण्यांतल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, नंतर पाठवलंत तरी चालेल. सरांचा चेहरा उतरला. भास्करभाऊ त्या दिवशी सुरगाण्याकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर ऑफिसला आले आणि ती यादी उघडली. वणीच्या पानांच्या खाली एकेक नाव होतं. आठवणी - रावजीबाबा. आठवणी - सोनाबाई. आठवणी - अनुसयाबाई. सगळी वीसेक. प्रत्येकापुढे माझं नाव. दर तीन महिन्यांनी मी सगळ्या विकीची सीडी काढून ठेवायची, त्याही तपासल्या. लावणीच्या पानांसारखीच भाऊंचीही पानं चढली ती एका सीडीनंतर, आणि पुसली गेली ती पुढच्या सीडीच्या आधी. मधल्या फटीत पडली होती.

अकरा वाजता सरांनी मला आणि भाऊंना आत बोलावलं. सर चिडखोर नव्हते, पण आदल्या दिवशीची मानहानी त्यांच्या मनात होती. त्यांनी भाऊंना विचारलं की पानं कुठे आहेत. भाऊ म्हणाले, मी स्वतः टाइप करून चढवली आहेत. सर म्हणाले, मग कॅसेटी दाखवा. भाऊ म्हणाले, त्यांच्यावर पुढची माणसं टेप झाली, तुमचाच नियम आहे.  मग सरांनी महिनोन्‌महिन्यांच्या फिरतीचा विषय काढला, पेट्रोलचा काढला. सरळ आरोप केला नाही, पण त्या खोलीतल्या तिघांनाही त्याचा अर्थ कळत होता. भाऊंचा आवाज बारीक झाला होता. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते.

मग सर माझ्याकडे वळले. "मंदाताई, तुम्ही विकी बघता. ही पानं कधी होती का?"

मी म्हणाले, "बघून सांगते."

दोन तासांपूर्वी मी बघितलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की पानं होती, मी पुसली. एवढं वाक्य मला आलं नाही. त्या वर्षी माझे यजमान आजारी होते, घर माझ्या नोकरीवर होतं. पण हे कारण मी नंतर जोडलं आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात घर नव्हतं. पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणून उभं करणारे सर होते. त्यांच्यासमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं.

भास्करभाऊ खुर्चीवरून उठले. टेपरेकॉर्डर सरांच्या टेबलावर ठेवला, खिशातून पेट्रोलच्या पावत्या काढून ठेवल्या आणि म्हणाले, मी उद्यापासून येत नाही. सरांनी थांबवलं नाही. मीही बाहेर येऊन माझ्या जागेवर बसले. जाताना ते माझ्या टेबलाजवळ एक क्षण थांबले. मी पडद्याकडे बघत राहिले. मग जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेलेली ऐकली.

पंधरा दिवसांनी मी सरांना सगळं सांगितलं. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. सरांनी ऐकून घेतलं. खिडकीजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले की आता ते गेले, मुंबईला कळवूनही झालं, पुन्हा उकरून संस्थेचंच नाव जाईल. पुढच्या वेळी काळजी घ्या. मी बाहेर आले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. या लेखात हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आहे.

त्यानंतर मी बरीच वर्षं तिथे काम केलं. नमुने लिहिले, पण प्रत्येक यादी शेवटपर्यंत वाचून. नव्या मुलींना शिकवलं की पुसण्याआधी एक दिवस थांबा. त्या मला फार काळजीखोर म्हणायच्या. निरोपाच्या दिवशी माझ्या अचूकपणाचं कौतुक झालं, शाल मिळाली. पुढे संस्थाही बंद झाली आणि कुणीतरी भाड्याची जागा सोडून दिल्यावर ते विकीही गेलं. आता शोधलं तर काहीच सापडत नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी कळवणला गेले. भास्करभाऊंचं एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि वह्यापुस्तकांचं दुकान होतं. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी लगेच ओळखलं, स्टूल पुढे केलं. आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "कोण शे?" ते म्हणाले, "नाशिकन्या ताई." मग त्यांनी चहा सांगितला, यजमानांची चौकशी केली. ते आता नाहीत हे मी सांगितलं.

मी येताना एसटीत पुन्हा पुन्हा जुळवलेली वाक्यं कामाला आली नाहीत. मी एवढंच म्हणाले, "भाऊ, ती पानं तुम्ही चढवली होती. मी पुसली. चुकून पुसली, पण सांगितलं नाही ते चुकून नव्हतं."

भाऊ गल्ल्यावरचे कागद सारखे करत होते. ते करतच राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

पुसलेल्या पानांची यादी फक्त मलाच दिसत नाही, विकीवर ज्याचं खातं आहे त्या प्रत्येकाला दिसते. त्या सकाळी सुरगाण्याहून येताच त्यांना कुणीतरी आदल्या दिवशीचा प्रकार सांगितला होता. आत बोलावण्याआधी त्यांनी दुसऱ्या संगणकावर यादी उघडली होती. माझं नाव बघूनच ते त्या खोलीत येऊन बसले होते.

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तुम्ही समोर होता. मी नाव घेणं बरं दिसलं नसतं. आणि तुम्ही म्हणालात, बघून सांगते. मला वाटलं, सांगाल." चहाचा कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "महिनाभर वाट बघितली मी. फोन आला तर चुकू नये म्हणून बाहेरगावी गेलो नाही."

त्या महिन्याच्या मध्यावरच मी सरांच्या खोलीतून सुटल्यासारखी बाहेर पडले होते. ते मी त्यांना सांगितलं. तेही त्यांना कळायलाच हवं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, भाऊंनी त्याच्या सातबाऱ्याच्या दोन प्रती काढून दिल्या, परत येऊन बसले.

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, म्हणजे नेमकं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग म्हणाले की नोकरीचं काही नाही, दुकान बरं चालतं, पोरी शिकल्या. पण घोटीच्या पुढे डोंगरालगतच्या वाडीत ती सोनाबाई होती, तिच्या घरी ते तीन दिवस राहिले होते. त्यांच्या ताटात तिने स्वतःच्या वाटचं वाढलं होतं. पावसाळ्यात ती गेली. नंतर तिची मुलगी हिराबाई आईचं बोलणं मागायला संस्थेत आली होती, तेव्हा भाऊंनी नोकरी सोडलेली होती. तिला कुणीतरी सांगून टाकलं की त्या माणसाने काही लिहिलंच नाही. पुढे घोटीच्या बाजारात हिराबाई त्यांना भेटली आणि चार लोकांत बोलली. आमचं खाऊन गेलास अन् म्हातारीला फसवलंस, असं.

"त्यावर मी काय सांगणार होतो? टिचकी, पान, यादी? तिला काय कळणार." ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "ताई, मला सांगितलंत ते ठीक. तिला जाऊन सांगा."

मी पुढच्याच आठवड्यात गेले. घोटीला उतरून जीपने आणि शेवटी पायी. हिराबाई साठीच्या आसपासची, अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घालत होती. मी कोण, कुठली, ते सांगितलं. तिने सावलीत गोणपाट टाकलं. मी तिला सांगितलं की भास्करभाऊंनी तुझ्या आईचं सगळं लिहिलं होतं, शब्दन्‌शब्द. ते माझ्या हातून गेलं आणि दोष त्यांच्यावर आला, आणि मी गप्प बसले. पान म्हणजे काय, मशीन म्हणजे काय, यात मी गेलेच नाही. माझ्या हातून गेलं, एवढं तिला पुरेसं होतं.

ती बराच वेळ मिरच्या उलटत राहिली.

"मंग त्या भाऊला आमी उगाच बोल्लो," ती म्हणाली. "लय वाईट बोल्ले मी."

मी म्हणाले की ते माझ्यामुळे झालं. तिने मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मग तिने विचारलं, "तुमच्याकडं व्हतं म्हंता. मंग तुम्ही वाचलं असंल. काय सांगितलं व्हतं आईनं?"

मला वाटतं माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी विचारलेला हा सगळ्यात साधा प्रश्न होता. त्या पानाचं नाव मी ठरवलं होतं. त्याचा गट मी लावला होता. नावातली रेघ लहान हवी की मोठी यावर मी भाऊंशी वाद घातला होता. पान मी कधी उघडलं नव्हतं. वीसपैकी एकही नाही. मी तिला तसंच सांगितलं.

"वाचलं बी नाय?"

"नाही."

तिने मला वाईट म्हटलं नाही. थोड्या वेळाने स्वतःच सांगू लागली. आईच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा हे सगळे लोक डोंगरातल्या कडू कंदावर जगले. ते ती त्या भाऊला सांगत होती, हे हिराबाईने चुलीशी बसून ऐकलं होतं. कंद खणायचा तो वेल सुकल्यावर. साल जाड काढायची. पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. तसाच खाल्ला तर माणसाचा जीव जातो. मी पर्समधून बिलाचा एक कागद काढून त्याच्या मागे भराभर लिहून घेत होते. हिराबाईचे हात बोलताना चकत्या करत होते.

ओढ्यापर्यंत येऊन ती थांबली. मी पेन धरून बसले.

"पाण्यातनं चकत्या कवा काढायच्या, अन् इख गेलं हे वळखायचं कसं," ती म्हणाली, "ते आईलाच म्हाईत व्हतं."